३३ इंची टायर, साडेसात इंची रिम आणि मागे ट्रेलर: वर्षभर वापरल्यानंतर

वॉरंटीचा क्लेम नाकारला, म्हणून हे लिहितोय. नाहीतर टायरवर एवढं लिहिणारा मी माणूस नव्हे.

ट्रक फोर्ड एफ-१५० एक्सएलटी, कंपनीचे १८ इंची रिम, ३.५५ चा ॲक्सल (चाकाच्या एका फेरीला इंजिनकडून येणाऱ्या दांड्याच्या ३.५५ फेऱ्या). मागे ट्रॅव्हल ट्रेलर, सामान भरल्यावर साडेसहा हजार पाउंडांच्या आसपास. मुक्काम डॅलस. मूळचे २७५/६५ आर १८ टायर (२७५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १८ इंची रिमसाठी) संपले तेव्हा दुकानात मी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: उंची ३३ इंच हवी, ट्रेलर ओढायचा आहे, रिम बदलायचे नाहीत. काउंटरवरच्याने ३३×१२.५० आर १८ (३३ इंच उंच, साडेबारा इंच रुंद) काढले आणि चढवून दिले. टायरच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण टायर वाईट नव्हताच. तो चुकीच्या रिमवर बसवला होता.

सुरुवातीला मी खूश होतो, हे कबूल करायला हवं. ट्रक रुबाबदार दिसायला लागला. रिकामा चालवताना खड्डे कमी जाणवायचे. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला दोघातिघांनी मला साइझ विचारला आणि मी उत्साहाने सांगितलाही. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी साडेचार दिले असते.

मग ट्रेलर जोडून यूएस-२८७ ने अमरिलोच्या बाजूला, पालो ड्युरो कॅन्यनला गेलो. टेक्सास पॅनहँडलचा आडवा वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना वेगळं सांगायला नको. स्टिअरिंग सरळ धरलेलं, तरी शेपूट डावी-उजवीकडे डुलतेय. बायको चालवत होती. विचिटा फॉल्स ओलांडल्यावर म्हणाली, "अरे, हा ट्रक दारू प्यायल्यासारखा चाललाय." मी हिचला, म्हणजे ट्रेलरच्या जोडणीला, दोष दिला. सोंडेवरचा भार, म्हणजे टंग वेट, तपासला, तर आठशे पाउंड भरला. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत तो व्यवस्थित बसत होता. ट्रेलरचं डुलणं रोखणारा स्वे बार आवळला. फरक शून्य.

कारण तिथे नव्हतंच. कंपनीचा रिम साडेसात इंच रुंद. १२.५० च्या टायरला उत्पादक जे रिम चालतात म्हणून सांगतात ते साडेआठ ते अकरा इंच. म्हणजे किमान मर्यादेपेक्षाही माझा रिम एक इंचाने अरुंद. अरुंद रिमवर दोन्ही बीड (रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडा) आत ओढले जातात, साइडवॉल (टायरच्या बाजू) बाहेर फुगतात आणि ट्रेडचा, म्हणजे नक्षीच्या पट्ट्याचा, मधला भाग उंचवटा धरतो. रस्त्याला टेकतं ते मधलंच. वर ट्रेलरची सोंड मागच्या टायरवर बसली की फुगलेल्या साइडवॉल आडव्या हलायला मोकळ्या.

याला हवा कमी-जास्त करणं हा उपाय वाटतो, पण नाही. ट्रेडवर खडूची आडवी रेघ मारली आणि गल्लीतून सरळ ट्रक नेला. दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवेचा दाब ३५ पीएसआय असताना रेघ फक्त मधे पुसली गेली. हवा उतरवत ३० च्या खाली गेल्यावर कुठे कडेचा खडू पुसला जायला लागला. पण ट्रेलर मागे असताना हवा वाढवायची असते, उतरवायची नसते. झीज सांभाळायला हवा कमी करा, तर ट्रेलर डुलतो आणि टायर तापतो. ट्रेलर सांभाळायला वाढवा, तर टायर मधून गोटा. मी अर्थातच ट्रेलर सांभाळला. परिणाम: ट्रेडची उरलेली खोली मधे ५/३२ इंच, कडेला १०/३२.

अर्ध्या रबराचे पैसे वाया गेले, हे मला त्या डुलण्यापेक्षा जास्त लागलं. शिवाय १२.५० ही रुंदी दहा इंची रिमवर मोजलेली असते. रिम अर्धा इंच अरुंद झाला की टायर साधारण ०.२ इंच आकसतो. साडेसातवर हिशेब करा, एक इंच गायब. पैसे साडेबाराचे मोजले आणि मिळाले साडेअकरा!

मायलेज वॉरंटीसाठी दुकानात गेलो तर मॅनेजर म्हणाला, रिम मान्य मापाचा नाही, वॉरंटी लागू नाही. चढवले कोणी? त्यांनीच. मग त्याने टेप आणून रिम एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजला आणि "हा तर साडेआठ आहे" म्हणून विजयी मुद्रेने बघितलं. अहो, रिमची रुंदी आतून, बीड बसतो त्या जागांमध्ये मोजतात. बाहेरून मोजलं की इंचभर जास्तच भरतं. आणि समजा साडेआठ असेल, तर वॉरंटी द्या की! त्याने टेप गुंडाळला. चाक काढून मागच्या बाजूला कोरलेलं १८×७.५ दाखवल्यावर बराच वेळ फोनाफोनी झाली आणि नव्या सेटवर काही सूट मिळाली. पूर्ण नाही.

नवा सेट एलटी (लाइट ट्रकचा) २७५/७० आर १८, लोड रेंज ई, म्हणजे जास्त भार पेलणारा वर्ग. हिशेब केला तर उंची ३३.१६ इंच, म्हणजे मला हवी होती तीच. रिम चालतो ७ ते ८.५. उंच टायर म्हणजे रुंदही, असं त्या काउंटरवर धरून चालतात, त्यात माझे पैसे गेले. आणखी गंमत म्हणजे हा अरुंद टायर ८० पीएसआयला ३६४० पाउंड पेलतो, जुना रुंद टायर ६५ ला २९१०. न्यायाने बोलायचं तर २९१० सुद्धा माझ्या मागच्या ॲक्सलला पुरेसे होते. कंपनीचा साधा पॅसेंजर टायर २७५६ चा, आणि पिकअपवर त्याला १.१ ने भागावं लागतं, म्हणजे २५०५. त्यामुळे भाराची तक्रार मी करत नाही, रुंदीची करतो.

पहिले दोन आठवडे हाही आवडला नाही. रिकाम्या ट्रकमध्ये रस्त्याचा प्रत्येक सांधा पाठीला कळायचा. दुकानाने सगळीकडे ८० भरून दिले होते, ते ४२ वर आणल्यावर राग गेला. ट्रेलर असताना मागे ६० ठेवतो. त्याच २८७ वर, तशाच वाऱ्यात, ट्रेलर मुकाट मागे आला. कॅन्यनमध्ये उतरणारा १० टक्के उताराचा रस्ताही बायकोने एका हाताने, चहा पीत उतरवला. (ते मला पटलं नाही, पण तो विषय वेगळा.)

उंचीचा दंड मात्र दोन्ही सेटना सारखाच. ३२ वरून ३३ च्या थोडं वर म्हणजे साधारण साडेतीन टक्के: स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात ६२, आणि ३.५५ चा ॲक्सल ३.४३ सारखा वागतो. चढावर गिअरबॉक्स जास्त वेळा खाली येतो. स्पीडोमीटर सेटिंगमधून दुरुस्त करून घेतला, चढाचं काही करता येत नाही. नवीन घेणाऱ्याचा ॲक्सल ३.७३ असेल तर त्याला हे कमी बोचेल.

स्पेअर अजून जुनाच, उंचीने कमी. तो लावावा लागला तर फोर-व्हील ड्राइव्ह वापरायचा नाही, एवढं पाळतोय. पाचव्या टायरचे पैसे आत्ता जीवावर आलेत, ब्लॅक फ्रायडेच्या सेलला बघू.