विदर्भातील खेड्यात होम थिएटर प्रोजेक्टर: ऊन, धूळ आणि विजेच्या कसोटीवर

होम थिएटर प्रोजेक्टर घेताना बहुतेक लोक पडद्याचा आकार आणि किंमत पाहतात. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्यासारख्या गावात राहणाऱ्याने मात्र आधी आपली खोली, मे महिन्याचे तापमान, कापसाच्या हंगामातील धूळ आणि विजेचा लपंडाव यांचा विचार करावा आणि त्यानंतरच चित्राच्या गुणवत्तेकडे वळावे, असे माझे ठाम मत झाले आहे. माझ्याकडे तीन एलसीडी पॅनेलचा, १९२० × १०८० मूळ रिझोल्यूशनचा, ३,४०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे एकूण किती प्रकाश बाहेर पडतो त्याचे माप) आणि दिव्यावर चालणारा प्रोजेक्टर आहे. तो मला पाऊण लाखाच्या आसपास पडला. मॉडेले दर एक-दोन वर्षांनी बदलत असल्यामुळे एका विशिष्ट मॉडेलऐवजी या वर्गातील यंत्राबद्दल, आणि ते निवडताना केलेल्या तुलनेबद्दल लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल.

सर्वात आधी ल्युमेनविषयी, कारण फसगत होते ती इथेच. पाच-सात हजारांत मिळणाऱ्या छोट्या प्रोजेक्टरांच्या खोक्यांवर ९,००० किंवा १२,००० ल्युमेन असे आकडे सर्रास छापलेले असतात. ते खरे की खोटे हे ठरवण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. आपल्या घरात लावलेली २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २,००० ल्युमेन प्रकाश देते, म्हणजे एका वॅटमागे सुमारे शंभर. आता प्रोजेक्टरच्या पाठीवरील पट्टीवर वीजवापराचा आकडा पाहावा. तो ६० किंवा ८० वॅट असेल, तर आतल्या दिव्याचा सगळा प्रकाश जसाच्या तसा भिंतीवर पोहोचला तरी सहा-आठ हजार ल्युमेनच्या पुढे आकडा जाऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात तो तसा पोहोचत नाहीच. एकाच एलसीडी पॅनेलच्या स्वस्त यंत्रात ध्रुवणाच्या पट्टीत निम्म्याहून अधिक प्रकाश अडतो, उरलेल्यातील सुमारे दोन तृतीयांश रंगांच्या गाळण्यांत जातो, आणि भिंगातून बाहेर पडेपर्यंत हाती राहतात ते काहीशे ल्युमेन. म्हणून खोक्यावर ‘एएनएसआय ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ २१११८’ असा उल्लेख आहे का, हे विचारावे. या पद्धतीत पडद्याचे नऊ सारखे भाग करून प्रत्येक भागाच्या मध्यावरचा प्रकाश मोजतात आणि त्याच्या सरासरीला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणतात.

या आकड्याचा घरातील अर्थ असा. १०० इंची पडदा सुमारे २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच असतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर होते. २०० ल्युमेनचे यंत्र त्यावर ७२ लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ७२ ल्युमेन, प्रकाश टाकते, तर कमी विजेच्या किफायती मोडवरही २,००० ल्युमेन देणारे यंत्र ७२५ लक्स टाकते. खोलीत ट्यूब चालू असेल तर तिचाच भिंतीवर पडणारा प्रकाश साधारण शंभर लक्सच्या घरात जातो, त्यामुळे पहिल्या यंत्राचे चित्र त्यात पार बुडून जाते. आमच्याकडे रात्री पूर्ण अंधार करून कोणी बसत नाही. कोणी जेवत असते, लहान मूल झोपत असते, मधल्या दाराने ये-जा चालू असते. म्हणून ज्या घरात माणसांचा राबता आहे, तिथे खरे २,००० ल्युमेन ही खालची मर्यादा धरावी.

रिझोल्यूशनच्या बाबतीतही अशीच काळजी घ्यावी लागते. ‘१०८० पी सपोर्टेड’ एवढेच लिहिले असेल, तर यंत्र तेवढ्या दर्जाचा व्हिडिओ स्वीकारते इतकाच त्याचा अर्थ होतो. आतले पॅनेल ८०० × ४८० बिंदूंचेही असू शकते. फुल एचडीत सुमारे २० लाख ७० हजार बिंदू असतात, त्या पॅनेलवर ३ लाख ८४ हजार. क्रिकेटच्या सामन्यात खालच्या पट्टीतील धावसंख्या वाचताना हा फरक लगेच कळतो. शोधायचा शब्द ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ हा आहे.

त्यानंतर प्रश्न येतो एलसीडी की डीएलपी. एपसन कंपनी तीन एलसीडी पॅनेलची पद्धत वापरते; त्यात लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक पॅनेल असते आणि तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर पडतात. बेनक्यू, ऑप्टोमा आणि व्ह्यूसोनिक यांचे घरगुती प्रोजेक्टर डीएलपी पद्धतीचे असतात. डीएलपीचा आधार असलेली सूक्ष्म आरशांची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली विकसित केली. घरगुती डीएलपीत चिप एकच असते आणि दिव्यासमोर फिरणाऱ्या चाकातून लाल, हिरवा व निळा रंग एकामागून एक टाकले जातात. डोळ्याला ते एकत्र भासतात, पण काही माणसांना नजर भरकन फिरवताना पांढऱ्या अक्षरांच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी छटा दिसते. नागपूरला सीताबर्डीवरील एका दुकानात दोन्ही पद्धतींची यंत्रे शेजारी लावून पाहिली, तेव्हा मला काही जाणवले नाही. बाबांना मात्र काळ्या पार्श्वभूमीवरील श्रेयनामावली सुरू होताच रंगांच्या चिरा दिसू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी डोळे चोळायला सुरुवात केली. आमचा निर्णय तिथेच झाला. म्हणून घरातील ज्या माणसाला रोज पाहायचे आहे, त्याला सोबत नेऊनच प्रोजेक्टर निवडावा. डीएलपीच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. तिचे प्रकाशयंत्र बहुधा बंदिस्त असल्यामुळे पॅनेलवर धूळ बसून चित्रात डाग पडण्याची भीती कमी असते, आणि आमच्या भागात ही गोष्ट लहान नाही.

कारण आमच्याकडे धूळ बाराही महिने असते आणि हंगामागणिक तिचे रूप बदलते. ऑक्टोबरात सोयाबीनचे थ्रेशर चालू झाले की कुटाराचा बारीक भुसा गावभर उडतो, आणि दिवाळीनंतर पऱ्हाटीची वेचणी सुरू होते. भाव वाढेल या आशेने कापूस घरातच भरून ठेवण्याची रीत आहे. एखादी खोली छतापर्यंत भरलेली असते आणि शेजारच्या खोलीत माणसे राहतात. त्या दिवसांत प्रोजेक्टरच्या हवेच्या फिल्टरचे झाकण काढून पाहावे. जाळीवर तंतूंचा पांढरा थर इतका घट्ट बसलेला असतो की नखाने कड उचलली तर तो अखंड सोलून निघतो. हवा कोंडली की पंखा जोरात फिरतो, आवाज वाढतो, आणि शेवटी यंत्र तापमानाची सूचना देऊन स्वतःच बंद होते. माहितीपुस्तिकेत सफाईची मुदत शहरातील स्वच्छ खोली डोळ्यांसमोर ठेवून दिलेली असते. कापूस घरात असेपर्यंत मी दर आठवड्याला फिल्टर काढतो आणि मऊ ब्रश व व्हॅक्यूम क्लीनरने साफ करतो. तो पाण्याने धुवायचा की नाही हे प्रत्येक यंत्राचे वेगळे असते, ते आधी पुस्तिकेत पाहावे. फिल्टर बाजूने, स्क्रू न काढता बाहेर येतो की नाही, ही बाब मी खरेदीच्या अटींत वरच्या क्रमांकावर ठेवीन. वापर नसताना यंत्र पूर्ण थंड झाल्यावर त्यावर सुती कापड टाकावे. गरम असताना टाकू नये.

उन्हाळ्याचा प्रश्न धुळीपेक्षाही कठीण आहे. बहुतेक घरगुती प्रोजेक्टर ३५ अंशांपर्यंत, काही ४० अंशांपर्यंत चालवण्यासाठी बनवलेले असतात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत आमच्याकडे दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली रात्री नऊ वाजताही खोलीत ३७-३८ अंश असतात. अशा वेळी यंत्र छताला टांगणे हा सर्वात वाईट पर्याय आहे, कारण खोलीतील गरम हवा वरच साठते. टिनाच्या छताखाली तर तसा विचारही करू नये. मी ते मागच्या बाजूला कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर ठेवतो, बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडतो आणि मे महिन्यात किफायती मोडशिवाय चालवत नाही. कूलरचा झोत थेट यंत्रावर सोडण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओलसर असते आणि तिच्यासोबत कधी कधी पाण्याचे तुषारही येतात. आमच्या बोअरचे पाणी इतके जड आहे की ते वाळले की पांढरे डाग राहतात. कूलरने खोली थंड करावी, यंत्र त्याच्या समोर ठेवू नये. एवढे करूनही मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा चित्रपट आम्ही पाहत नाही, आणि प्रोजेक्टर घेणाऱ्याने ही मर्यादा आधीच मान्य केलेली बरी.

वीज हा तिसरा भाग. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये उच्च दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. बंद केल्यावर तो थंड करण्यासाठी आतला पंखा काही वेळ फिरत राहतो. चालू असताना वीज अचानक गेली, तर तो दिवा पंख्याशिवाय तसाच तापलेला राहतो, आणि वीज लगेच परत आली तरी थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. असे वारंवार झाले की दिव्याचे आयुष्य घटते. म्हणून प्रोजेक्टरच्या किमतीत इन्व्हर्टरची किंमत धरूनच हिशेब करावा. माझे यंत्र पूर्ण प्रकाशावर ३०० वॅटच्या आसपास वीज घेते. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात; त्यातील दोन तृतीयांश हाती येतात असे धरले, तर एक पंखा आणि एक दिवा सांभाळून तीन तासांचा चित्रपट पूर्ण होतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा असावा आणि त्यावरील कळ ‘यूपीएस’ मोडवर ठेवावी, म्हणजे वीज जाण्याच्या आणि बॅटरी लागण्याच्या मधला क्षण इतका छोटा होतो की दिवा विझत नाही. संध्याकाळी व्होल्टेज खाली येत असेल, तर स्टॅबिलायझरही लावावा.

लेझर प्रोजेक्टरमध्ये पुन्हा पेटण्याची ही अडचण नसते आणि त्याच्या प्रकाशस्रोताचे आयुष्य साधारण २०,००० तास सांगतात. तुलनेने दिवा पूर्ण प्रकाशावर चार-साडेचार हजार तास चालतो. रोज दोन तास धरले तरी ती सहा वर्षे होतात, आणि त्यानंतर दिवा बदलता येतो, म्हणून लेझरसाठी जास्तीचे पैसे मोजणे मला आवश्यक वाटले नाही. जुना दिवा मात्र उकिरड्यावर टाकू नये. त्यात पारा असतो, आणि आपल्याकडे उकिरड्यातील खत शेवटी वावरातच जाते.

पडद्यासाठी मी वेगळा खर्च केला नाही. भिंतीला पुट्टी भरून, घासून, बिनचकाकीचा पांढरा रंग दिला आणि भोवती काळी पट्टी ओढली. तेवढे पुरेसे झाले. भिंत खडबडीत असेल तर मात्र पडदा घ्यावाच. अंतराचे गणित सोपे आहे: यंत्राचे थ्रो गुणोत्तर (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.३ असेल, तर २.२१ मीटर रुंद चित्रासाठी २.८७ मीटर, म्हणजे साडेनऊ फूट अंतर लागते. टेप लावून मोजताना छताच्या पंख्याची पाती प्रकाशाच्या वाटेत येत नाहीत ना, हेही पाहावे. यंत्र तिरके ठेवून कीस्टोन या सोयीने तिरपे पडलेले चित्र सरळ करता येते, पण त्यात पॅनेलचे काही बिंदू वाया जातात, म्हणून ते समोर सरळ ठेवणेच चांगले. पावसाळ्यात उजळ भिंतीकडे किडे धावतात आणि त्यांच्या मागे पाली येतात. खिडक्यांना बारीक जाळी बसवल्याशिवाय त्यावर उपाय नाही.

चित्राविषयी मी समाधानी आहे. रंग खरे दिसतात. हिरवे मैदान आणि माणसांच्या त्वचेचा रंग तर फारच चांगला येतो. काळा रंग पूर्ण काळा नसतो, गडद राखाडी दिसतो, आणि रात्रीच्या दृश्यांत ते जाणवते. दिवसाची परीक्षा रणजी करंडकाच्या २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात झाली. नागपुरात जामठ्याला विदर्भाने पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर केरळला मागे टाकून तिसऱ्यांदा करंडक मिळवला, तो सामना आम्ही खिडक्यांना जाड पडदे लावून पाहिला. पडदे ओढलेले असताना चेंडू नीट दिसत होता. दार उघडले की चित्र फिके पडत होते. ज्यांना दिवसभर बातम्या आणि मालिका पाहायच्या आहेत, त्यांनी याच पैशांत ६५ इंची टीव्ही घ्यावा, तो अधिक समाधान देईल. डीडी फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या असल्यामुळे १०० इंचांवर त्या मऊ आणि पसरट दिसतात, हेही लक्षात घ्यावे. मोठ्या पडद्याचा खरा आनंद चांगल्या प्रतीच्या चित्रपटात आणि एचडी सामन्यातच आहे.

आतला स्पीकर कामचलाऊ आहे. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे राहतो, म्हणून वायरने जोडलेले दोन चांगले स्पीकर घ्यावेत.

दुरुस्तीची सोय आमच्यासाठी नागपूर किंवा अमरावतीलाच आहे. खोके आणि आतला थर्माकोल जपून ठेवावा, कारण एसटीने किंवा गाडीने यंत्र न्यायची वेळ आली तर त्याच्याशिवाय ते नेणे धोक्याचे आहे. खरेदीपूर्वी त्या मॉडेलच्या मूळ दिव्याची आणि फिल्टरची किंमत लेखी विचारावी, वॉरंटी दिव्यावर किती महिने आणि यंत्रावर किती वर्षे हे वेगवेगळे लिहून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या साठ्यातील यंत्र दाखवले जात असेल तर बिलावरील कराचा दर पाहूनच पैसे द्यावेत.