तत्काळ इंडेक्सिंग की ठरावीक वेळेचे? डेस्कटॉप सर्चची मांडणी ठरवताना

डेस्कटॉप सर्चचे सॉफ्टवेअर बसवून झाले की एक निवड समोर येते आणि बहुतेक जण ती फारसा विचार न करता उरकून टाकतात: इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कोणत्या फाइलमध्ये आहे याची यादी, सतत ताजा ठेवायचा, की दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी अद्ययावत करायचा. पहिल्या पद्धतीत एक प्रोग्रॅम लॉग इन केल्यापासून पार्श्वभूमीला चालू राहतो, फोल्डरांवर पहारा ठेवतो आणि फाइल सेव्ह झाली की थोड्याच वेळात तिच्यातले शब्द इंडेक्समध्ये घालतो. दुसऱ्या पद्धतीत तोच प्रोग्रॅम दिवसातून एकदा उठतो, प्रत्येक फाइलचा आकार आणि बदलाची वेळ तपासतो, बदललेल्या तेवढ्याच फाइली वाचतो आणि काम संपवून बंद होतो. तयार होणारा इंडेक्स दोन्हींचा सारखाच असतो. बदल झाल्याचे प्रोग्रॅमला कोण सांगते आणि कधी, एवढाच काय तो फरक.

हा निर्णय फाइलींच्या संख्येवरून करू नये, आपण प्रत्यक्षात शोधतो त्या फाइली किती जुन्या असतात यावरून करावा, असे माझे मत आहे. ज्याचे शोध मुख्यतः मागच्या वर्षीचे अहवाल, जुने करार आणि साठवून ठेवलेले लेख यांच्यासाठी असतात, त्याला इंडेक्स काल रात्रीचा आहे की अर्ध्या मिनिटापूर्वीचा, याने काहीच फरक पडत नाही. याउलट दिवसभर टिपणे लिहिणाऱ्या आणि सकाळचे टिपण दुपारी शोधणाऱ्या माणसाला रात्रीपर्यंत थांबणे परवडत नाही. पहिल्या गटातले लोक दुसऱ्या गटापेक्षा बरेच जास्त असावेत असा माझा कयास आहे, आणि तरीही ‘तत्काळ’ हा शब्द दिसला की सगळेच तिकडे वळतात.

पुढील तुलनेसाठी लिनक्सवरील रीकॉल हे सॉफ्टवेअर समोर ठेवले आहे. झॅपियन या मुक्त शोध-लायब्ररीवर ते उभे आहे, दोन्ही पद्धती त्यात उघडपणे उपलब्ध आहेत आणि त्यांच्या सेटिंग साध्या मजकूर-फाइलमध्ये असल्यामुळे आत काय चालले आहे ते दिसते. विंडोज आणि मॅक यांचे गणित थोडे वेगळे आहे. त्याकडे नंतर येऊ.

बदल झाल्याचे कळते कसे

लिनक्समध्ये फाइलींवर पहारा ठेवण्याची नेहमीची सोय म्हणजे आयनोटिफाय. ती २००५ साली कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.१३ या आवृत्तीत आली. तिची एक मर्यादा तत्काळ इंडेक्सिंगच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी आहे: एक पहारा फक्त एका फोल्डरपुरता असतो, त्याच्या पोटातल्या फोल्डरांना तो लागू होत नाही. त्यामुळे सर्चचा प्रोग्रॅम सुरू होताच त्याला संपूर्ण फोल्डर-वृक्ष पायाखाली घालून प्रत्येक फोल्डरवर वेगळा पहारा बसवावा लागतो. नवे फोल्डर तयार झाले की तिथेही लगेच पहारा बसवावा लागतो, आणि तो बसेपर्यंतच्या क्षणभरात त्या फोल्डरमध्ये फाइली येऊन पडल्या असतील तर त्या निसटू नयेत म्हणून ते फोल्डर पुन्हा एकदा वाचावे लागते.

या पहाऱ्यांच्या संख्येला प्रत्येक वापरकर्त्यामागे कमाल मर्यादा असते. बराच काळ ती ८,१९२ होती, ५.११ या कर्नलपासून ती यंत्रातल्या मेमरीनुसार ठरते आणि १०,४८,५७६ पर्यंत जाऊ शकते. आकडा मोठा वाटला तरी ही मर्यादा सामाईक आहे हे विसरू नये. कोड लिहिण्याचा एडिटर, क्लाउडशी फाइली जुळवून ठेवणारा प्रोग्रॅम आणि सर्च, हे सगळे त्याच कोट्यातून घेतात. कोटा संपला की कर्नल जी चूक परत करतो तिचा शब्दशः अर्थ ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ असा होतो, आणि माणूस विनाकारण डिस्क साफ करत बसतो. मीही एकदा बसलो होतो. डिस्क निम्मी रिकामी होती, सर्चचा प्रोग्रॅम चालू दिसत होता, जुन्या फाइली सापडत होत्या आणि आठवड्याभरातली टिपणे मात्र गायब होती. लॉग उघडून पाहिल्यावर ती एक ओळ दिसली. ठरावीक वेळेची पद्धत अशी अर्धवट बिघडत नाही. ती एक तर चालते, नाही तर चालत नाही, आणि चालली नाही तर ते चटकन लक्षात येते.

मर्यादा वाढवणे अवघड नाही. सिस्टीमच्या सिसकंट्रोल सेटिंगमध्ये एक ओळ घालून ती ५,२४,२८८ करण्याची पद्धत रूढ आहे. ६४-बिट कर्नलमध्ये प्रत्येक पहाऱ्याला साधारण १ किलोबाइट मेमरी लागते, म्हणजे इतके सगळे पहारे खरोखर वापरले गेले तर जवळपास ५१२ मेगाबाइट मेमरी त्यातच अडकेल. न वापरलेल्या पहाऱ्यांना मात्र काही लागत नाही. म्हणून मर्यादा वाढवण्यापूर्वी आपल्या होम फोल्डरमध्ये एकूण फोल्डर किती आहेत ते मोजून पाहावे. जावास्क्रिप्टचे दोन-चार प्रकल्प असले तर त्यांच्या आयात केलेल्या लायब्ररींचीच फोल्डरे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त निघतात, आणि त्यांतले एकही शोधण्याजोगे नसते.

दुसरी मर्यादा सूचनांच्या रांगेची. मूळ सेटिंगनुसार रांगेत १६,३८४ सूचना मावतात. एखादी मोठी झिप फाइल उघडली किंवा कोडची शाखा बदलली की हजारो फाइली एका दमात बदलतात आणि रांग भरून वाहू शकते. अशा वेळी कर्नल फक्त ‘काही सूचना हरवल्या’ एवढेच सांगतो, कोणत्या ते सांगत नाही. मग सगळे पुन्हा तपासणे हाच उपाय उरतो, म्हणजे ठरावीक वेळेची पद्धत जे रोज निमूटपणे करते तेच.

फॅनोटिफाय नावाची नवी सोय संपूर्ण फाइल-सिस्टीमवर एकच खूण ठेवून पहारा देऊ शकते, आणि फाइल तयार होणे, पुसली जाणे, नाव बदलणे हेही ती २०१९ मधील ५.१ या कर्नलपासून कळवते. पण अशा पहाऱ्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात, त्यामुळे सामान्य वापरकर्त्याच्या खात्यातून चालणाऱ्या सर्चला तिचा पूर्ण लाभ मिळत नाही.

एक फाइल सेव्ह होते तेव्हा

आपण सेव्हचे बटण एकदा दाबतो, पण खाली एकच गोष्ट घडत नाही. अनेक एडिटर आधी नवा मजकूर एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितात, मग तिला मूळ फाइलचे नाव देतात, जेणेकरून मध्येच वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहावी. ऑफिसचे प्रोग्रॅम फाइल उघडी असेपर्यंत शेजारी एक छोटी कुलूप-फाइलही ठेवतात. पहाऱ्यावरच्या प्रोग्रॅमला यातून तयार झाली, बदलली, बंद झाली, नाव बदलले अशा सूचना एकापाठोपाठ येतात, आणि प्रत्येक सूचनेला तो धावला तर एकच कागद चार वेळा वाचला जाईल. म्हणून रीकॉल सूचना साठवतो आणि मूळ सेटिंगनुसार सुमारे ३० सेकंदांच्या अंतराने त्यांच्यावर काम करतो. ‘तत्काळ’ या शब्दाचा खरा अर्थ इतकाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

खरा भार पहाऱ्याचा नसतो, मजकूर बाहेर काढण्याचा असतो. साधी टिपणाची फाइल क्षणात वाचून होते. स्कॅन केलेल्या पीडीएफवर अक्षर-ओळख चालवायची असेल तर एकेका दस्तऐवजाला मिनिटे लागू शकतात आणि पंखा ऐकू येतो. हे काम रात्री झाले तर कोणाला पत्ता लागत नाही. सतत वाढणाऱ्या फाइलींची गोष्ट याहून वाईट आहे. लॉग फाइल दर काही सेकंदांनी बदलते आणि दर वेळी ती नव्याने इंडेक्स करण्याच्या यादीत येते. सगळा पत्रव्यवहार एकाच फाइलमध्ये ठेवणारा मेलचा जुना साठा असेल, तर एक नवे पत्र आले की ती संपूर्ण फाइल बदललेली ठरते; प्रत्येक पत्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवणाऱ्या मेलडिर पद्धतीत हा प्रश्न येत नाही. अशा चंचल फाइलींसाठी रीकॉलमध्ये नावाच्या नमुन्यागणिक किमान थांबा ठरवून देता येतो, पण ही सोय आहे हे ठाऊक नसलेला माणूस लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते म्हणून भलतीकडेच कारण शोधत राहतो.

ठरावीक वेळेच्या पद्धतीत दिवसभरात पन्नास वेळा बदललेली फाइल एकदाच वाचली जाते. तिची उणीव दुसरीकडे आहे. दुपारी पुसलेली फाइल रात्रीपर्यंत निकालांत दिसत राहते आणि तिच्यावर क्लिक केले की ती सापडत नाही. गोपनीय कागद पुसल्यावर त्यातले शब्दही लगेच इंडेक्समधून जायला हवेत अशी ज्याची गरज आहे, त्याच्यासाठी ही बाब किरकोळ नाही.

संगणक बंद असताना

आयनोटिफायला स्मरणशक्ती नाही. प्रोग्रॅम बंद असताना काय बदलले हे त्याला नंतर विचारता येत नाही. म्हणून रीकॉलचा तत्काळ पहारेकरी सुरू होताना आधी सगळ्या फोल्डरांची एक पूर्ण फेरी करतो आणि मगच पहाऱ्याला बसतो. म्हणजे जो रोज संगणक बंद करतो, तो तत्काळ पद्धत निवडूनही ठरावीक फेरीचा खर्च भरतोच, आणि तोही सकाळी लॉग इन केल्या केल्या, जेव्हा ब्राउझर आणि मेल एकाच वेळी डिस्ककडे धावत असतात. सुरुवातीला काही वेळ थांबायला सांगण्याचा पर्याय आहे. तो जरूर वापरावा. एसएसडीवर ही फेरी सहसा त्रास देत नाही, फिरत्या डिस्कवर मात्र ती जाणवते.

ठरावीक पद्धतीचा सापळा याच्या नेमका उलट आहे: पहाटे दोनची वेळ लावून ठेवली आणि लॅपटॉप रोज रात्री झाकण मिटून झोपत असेल, तर ठरल्या वेळी कामे चालवणारा साधा क्रॉन ती वेळ गेली की गेली म्हणून सोडून देतो. हुकलेली फेरी पुढच्या सुरुवातीला भरून काढणारा सिस्टिमडी टायमर किंवा अनाक्रॉन अशा यंत्राला योग्य.

विंडोज आणि मॅक इथे पुढे आहेत. विंडोजची एनटीएफएस फाइल-सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) स्वतःच बदलांची नोंदवही ठेवते, जिला यूएसएन जर्नल म्हणतात, आणि मॅकवर २००७ पासून असलेली एफएसइव्हेंट्स ही व्यवस्थाही बदललेल्या फोल्डरांची नोंद डिस्कवर राखते. त्यामुळे तिथला सर्च ‘या नोंद-क्रमांकानंतर काय बदलले?’ एवढाच प्रश्न विचारून मोकळा होतो. विंडोजवरील एव्हरीथिंग हे शोध-सॉफ्टवेअर याच जोरावर चालते: त्याच्या निर्मात्यांच्या माहितीनुसार १० लाख फाइलींची पहिली यादी सुमारे एका मिनिटात तयार होते आणि तिला ७५ मेगाबाइटच्या आसपास मेमरी लागते. मात्र ही यादी फाइलींच्या नावांची आहे, आतल्या मजकुराची नाही. मजकुरासाठी विंडोजचा स्वतःचा इंडेक्सर आहे. तो आपण काम करत असताना मागे सरतो, आणि मोजक्या फोल्डरांपुरता ‘क्लासिक’ की संपूर्ण यंत्रापुरता ‘एन्हान्स्ड’ एवढीच मोठी निवड आपल्या हाती असते. मॅकच्या स्वतःच्या स्पॉटलाइट या सर्चमध्ये नको ती फोल्डरे वगळण्यापलीकडे फारसे ठरवायचे नसते. या दोन्हींवर तत्काळ पद्धत स्वस्त पडते, तेव्हा तिला नकार देण्याचे कारण नाही.

नेटवर्कवरील सामाईक ड्राइव्हचा मामला वेगळा. दुसऱ्या यंत्राने तिथे केलेला बदल आपल्या आयनोटिफायला कळत नाही, म्हणून त्यासाठी ठरावीक फेरीच लावावी. तत्काळ पहारा तिथे नुसता शोभेचा ठरतो.

मी काय निवडतो

केवळ नावावरून शोधणाऱ्याने हा सगळा खटाटोप करूच नये. लिनक्सवर पीलोकेट या नावे शोधणाऱ्या प्रोग्रॅमची रोजची यादी पुरते. लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्याकडे बालू हा त्याचा इंडेक्सर आधीपासून असतो आणि तो स्वतःहून पहारा ठेवतो. त्याला फोल्डर वगळून हलके केले की बहुतेकांचे काम भागते.

मजकुरात शोधायचे असेल आणि निवड रीकॉलमध्येच करायची असेल, तर दोन टोकांच्या मधली एक वाट आहे आणि ती मला सर्वांत समंजस वाटते. इंडेक्स करायच्या फोल्डरांच्या यादीशिवाय, पहारा फक्त कोणत्या फोल्डरांवर ठेवायचा याची वेगळी यादी रीकॉलच्या सेटिंग-फाइलमध्ये देता येते. तिचे नाव ‘मॉनिटरडर्स’. संपूर्ण होम फोल्डर पहिल्या यादीत ठेवावे आणि दुसऱ्या यादीत चालू कामाची दोन-तीन फोल्डरे घालावीत. मग पहाऱ्यांची संख्या लाखांवरून शेकड्यांवर येते, ताजी टिपणे अर्ध्या-पाऊण मिनिटात सापडतात आणि जुना साठा पहारेकऱ्याच्या सुरुवातीच्या फेरीत तपासला जातो. यंत्र आठवडे-आठवडे बंद होत नसेल तर पहारेकरी रोज रात्री पुन्हा सुरू करण्याची व्यवस्था करावी, कारण तो चालू असताना त्याच इंडेक्सवर दुसरी फेरी चालवता येत नाही, कुलूप असते. कोणतीही पद्धत घेतली तरी आयात केलेल्या लायब्ररी, ब्राउझरचा कॅशे, बॅकअपच्या प्रती आणि आभासी यंत्रांच्या डिस्क-फाइली वगळाव्यात. कूटबद्ध ठेवलेले फोल्डरही वगळावे, नाही तर त्यातले शब्द उघड्या इंडेक्समध्ये येऊन बसतात आणि कूटबद्ध करण्याला अर्थ उरत नाही.

मांडणी झाल्यावर तपासणी तीन पायऱ्यांत करावी. कुठेच नसेल असा एखादा बनावट शब्द घालून पहारा असलेल्या फोल्डरमध्ये फाइल सेव्ह करावी आणि मिनिटभराने शोधावी. मग त्याच फोल्डरमध्ये नवे उपफोल्डर करून त्यात दुसऱ्या बनावट शब्दाची फाइल ठेवावी. शेवटी संगणक बंद करून, दुसऱ्या मार्गाने, उदाहरणार्थ पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या सिस्टीममधून, तिसरी फाइल त्याच डिस्कवर ठेवावी आणि नेहमीचे लॉग इन करून शोधावी. पहिली सापडली आणि दुसरी सापडली नाही, तर पहाऱ्यांचा कोटा भरला आहे का ते आधी पाहावे. तिसरीच अडली, तर सुरुवातीची फेरी अजून चालू आहे का, ते लॉगमध्ये दिसेल.