दोन इंची की तीन इंची? नवतप्यातल्या सुती शर्टाखालचा हिशोब

माझ्या साळ्याला नुकतंच रिव्हॉल्व्हरचं लायसन मिळालं. नागपूरच्या इतवारीत सराफा लाइनला बसतो, रात्री माल सोबत घेऊन घरी जातो, म्हणून अर्ज केला होता. पेढे द्यायला आला आणि चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "भाऊजी, दोन इंची घेऊ का तीन इंची?" इंच म्हणजे नळीची लांबी. त्याला तोंडी जे सांगितलं तेच जरा नीट मांडतो. दोन्ही मी कमरेला वागवल्या आहेत.

आधी एक गोष्ट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका लायसनदाराला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. माझ्याकडे काटोलच्या शेतावर वडिलांची बारा बोअर दुनळी बंदूक आहे, ती काही मी सोडणार नाही. म्हणजे कमरेसाठी जागा एकच. दोन्ही घेऊन बघू, हा पर्याय आपल्यातल्या बऱ्याच जणांना नाही. त्यामुळे नळीच्या एका इंचावर इतकं डोकं खपवणं मला तरी फाजील वाटत नाही.

बत्तीस बोअरमध्ये (म्हणजे .३२ इंची काडतुसाची) नवी घ्यायची तर बहुतेकांची गाडी कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यावर येऊन थांबते. (अंबाझरीची आयुधनिर्माणी फॅक्टरी आपल्या उशाशी आहे, पण तिथे हे काम होत नाही.) तिथली जुनी, मधोमध मोडून उघडणारी रिव्हॉल्व्हर तीन इंचीच समजा. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल'ची नळीही ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंचच, फक्त तिची गोळ्यांची चक्री बाजूला उघडते. दोन इंची हवी असेल तर बहुधा जुन्या विलायती मालाकडे वळावं लागतं. ऐंशीच्या दशकात आयात आवळली गेली तेव्हापासून तो माल एका लायसनदाराकडून दुसऱ्याकडेच फिरतो आणि भाव ऐकून माणूस आधी बसून घेतो. माझी दोन इंची तशीच आलेली, एक जुनी स्मिथ अँड वेसन. नंतर रीतसर कळवून, कागद करून विकली आणि कानपूरची तीन इंची घेतली. दोन वेगळ्या घराण्यांची हत्यारं आहेत, तेव्हा ही तुलना थोडी तिरपी आहे हे मान्य. तरी जो त्रास सांगणार आहे तो नळीचाच होता, कंपनीचा नव्हे.

सगळे म्हणतात, लपवायची असेल तर आखूड घ्या. मीही तेच समजून घेतली. खिशात ठेवणार असाल तर ते खरंच आहे. सैल पँटच्या खिशात दोन इंची मावते, तीन इंचीचं तोंड खिशाच्या शिवणीत अडकतं. पण आपण खिशात ठेवतो कुठे? कमरेला, पट्ट्याच्या आत. आणि तिथे मामला उलटा होतो.

रिव्हॉल्व्हरचं वजन कुठे असतं बघा. चक्रीत आणि मुठीत. पट्ट्याच्या आतल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे चामड्याच्या म्यानात, खोचली की हे दोन्ही पट्ट्याच्या वर राहतात आणि खाली दोन इंचांची नळी. बुडाला वजन नसलेला गडवा जसा कलंडतो, तशी मूठ हळूहळू पोटापासून बाहेर झुकते. सकाळी आरशात सगळं सपाट दिसतं, दहा वाजेपर्यंत शर्टाला बाजूने उंचवटा आलेला असतो. हिवाळ्यात जाकिटाखाली खपून जातं. पण नवतप्यात, मे अखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, पंचेचाळीस डिग्रीत, घामाने अंगाला चिकटलेल्या पातळ सुती शर्टाखाली? कूलरसमोरून उठून बाहेर पडलं की पाच मिनिटांत बिंग फुटतं.

मे महिन्यातली एक सकाळ अजून आठवते. तर्री-पोह्याच्या गाडीवर उभा होतो, एका हातात प्लेट. लिंबू पिळायला जरा वाकलो तर गाडीवाला म्हणाला, "भाऊ, कमरेचा मोबाईल पडते पाहा तुमचा." मोबाईल माझ्या वरच्या खिशात होता! मी हसून शर्ट खाली ओढला, पोहे अर्धे टाकून निघालो. तेव्हापासून हात सारखा कमरेवर जायला लागला. घरचीही म्हणाली, "हात काऊन ठेवता सारखा तिथं? पोट दुखते का?" हत्यार एकवेळ दिसलं नसतं, पण हात सगळ्यांना दिसत होता.

उपाय करून पाहिले. पट्टा जाड घेतला. मुठीमागे रुमालाची घडी सारून पाहिली, ती चालताना खाली सरकायची. शेवटी सीताबर्डीच्या एका चांभारकाकांना रिकामं होल्स्टर दाखवलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून तोललं, उलटं केलं, आणि म्हणाले, "याले खाली पाय पाहिजे." होल्स्टरच्या बुडाला चामड्याचे तीन थर शिवून इंचभराचं शेपूट काढून दिलं. फरक पडला, बराच पडला. पण घरी येऊन ते होल्स्टर टेबलावर ठेवलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: नळीत वाचवलेला इंच मी चामड्याने परत भरत होतो. मग तिथे पोलादच असलेलं काय वाईट?

तीन इंचीची नळी पट्ट्याच्या खाली उतरून मांडीच्या वरच्या बाजूला टेकते आणि मूठ आपोआप पोटाकडे दाबली जाते. खोल ठोकलेली खुंटी हलत नाही, तसं. कानपूरची हाताला जड आहे, तरी कमरेला मला ती कमी जाणवते. तुमची अंगकाठी वेगळी असेल, पोट जास्त असेल, तर अनुभवही वेगळा येऊ शकतो.

बाकीचं थोडक्यात. नेमबाजीच्या रेंजवर दहा मीटरवरून तीन इंचीच्या सहा गोळ्या माझ्या पंजाखाली झाकल्या जातात. दोन इंचीच्या झाकायला जेवणाचं ताट लागायचं. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जवळ आल्या की हाताची बारीक चूकही मोठी होते. माझ्याहून स्थिर हात असलेल्यांना इतका फरक पडणार नाही. बत्तीसचं काडतूस मुळात मवाळ, त्यामुळे धक्क्याची तक्रार दोन्हींत नाही, पण आखूड नळीचा भडका आणि आवाज मला जास्त वाटला. शिवाय बाजूला उघडणाऱ्या दोन इंचीत रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडीही आखूडच असते. पुंगळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत, एखादी नखाने ओढावी लागते. मधोमध मोडणाऱ्या कानपूरमध्ये हा प्रश्न नाही, मोडली की सगळ्या एकदम बाहेर.

तीन इंचीचा त्रास बसताना होतो, तो लपवत नाही. वर्धा रोडला सिग्नलवर गाडीत अडकलो की नळीचं तोंड जांघेत रुततं, आणि जांघेकडे तोंड केलेलं हत्यार ही भावना काही सुखाची नाही. मी होल्स्टर जरा मागे, उजव्या कुल्ल्यावर सरकवलं. गाडी चालवताना पाठीला लागतं पण सहन होतं. दिवसभर खुर्चीत किंवा गाडीत असणाऱ्याने दोन इंचीचा विचार जरूर करावा. खिशातच ठेवणाऱ्याने तर दुसरं काही बघूच नये.

साळ्याची पंचाईत इथेच. तो दुकानात गादीवर मांडी घालून बसतो. माझी रिकामी केली, चक्री दोनदा पाहिली, त्यालाही पाहायला लावली, आणि त्याच्या कमरेला लावून आमच्या दिवाणखान्यात सतरंजीवर बसवला. मांडी घालताच तोंड वाकडं झालं. उठून चार पावलं चालला, आरशात पाहिलं, शर्ट ओढून पाहिला, पुन्हा बसला, पुन्हा कळवळला. मला वाटलं, आता विलायती दोन इंचीसाठी पैसे जमवायला लागेल.

परवा फोन आला. कानपूरच्या तीन इंचीसाठी दुकानदाराकडे नाव लावलंय, आणि गादी उचलून खुर्ची टाकतोय म्हणाला.