सँट्रोची धाप आणि नाना पेठेतलं बिनपाटीचं गॅरेज

माझी सँट्रो झिंग 2006 ची. बाबांची गाडी, त्यांच्यानंतर माझ्याकडे आली. 2021 ला रीपासिंग (पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी) केलं, पर्यावरण कर भरला, त्यामुळे "अजून हीच चालवतेस?" या प्रश्नाला उत्तर देणं मी सोडलंय. पण मार्चपासून तिला धाप लागायला लागली. पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन आपणहून चढायचं, घूंऽऽ, मग एकदम गळपटायचं, आता बंद पडणार म्हणेपर्यंत पुन्हा घूंऽऽ. एक रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, रेस कशाला करताय, अजून चाळीस सेकंद आहेत."

आधी घराजवळच्या एका चकचकीत गॅरेजात नेली. काचेची केबिन, कॉफीचं मशीन. त्यांनी चारही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, 3,400 रुपये घेतले. चौथ्या दिवशी धाप उलट वाढली. परत गेले तर म्हणे आयडल ॲक्च्युएटर, म्हणजे पाय काढल्यावर इंजिनाला लागेल तेवढी हवा सोडणारा भाग, गेलाय, साडेआठ हजार होतील. "नक्की तोच का?" विचारलं. "बदलून बघू ना मॅडम." नुसतं बघायचे साडेआठ हजार!

मग भावाने नाना पेठेतला पत्ता दिला. स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या गल्लीत एक शटर, पाटी नाही, बसायला एक प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर मांजर. मिस्त्री साठीचे असावेत. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी एकच विचारलं, "ताई, थंड असताना करते का गरम झाल्यावर?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सकाळी पहिली पाच-सात मिनिटं गाडी जोरात पण एकसारखी चालते, टेम्परेचरचा काटा चढला की मग चढ-उतार, असं सांगितलं. "मग हवा घेतेय कुठून तरी," म्हणाले, आणि चहा सांगितला.

गाडी गरम झाल्यावर त्यांनी तडा गेलेल्या स्क्रीनचा स्कॅनर लावला. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, 900 ते 1,600 च्या मध्ये झोके घेत होता. मग पकडीच्या तोंडाला फडकं गुंडाळून एकेक रबरी पाईप दाबायला सुरुवात केली. ब्रेक बूस्टरचा दाबला, काही फरक नाही. मग इंजिनाच्या वरच्या झाकणावरून, म्हणजे टॅपेट कव्हरवरून, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डला जाणारा बोटभर जाडीचा पाईप दाबला, आणि इंजिन असं शांत झालं की मांजराने मान वर करून बघितलं. पकड सोडली, घूंऽऽ. पुन्हा दाबली, शांत. पाईप वरून धडधाकट दिसत होता. काढून वाकवून दाखवला तेव्हा खालच्या बाजूला, ऐन वळणावर, पेरभर चीर उघडली.

कारणही त्यांनी नीट समजावलं. चिरेतून जादा हवा आत शिरते, इंजिन पळतं. पण पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तेव्हा इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला वाटतं गाडी उतारावर आहे, म्हणून तो पेट्रोल तोडतो. इंजिन खाली आलं की पुन्हा सोडतो. थंड इंजिनाला तो जरा जास्त आरपीएमपर्यंत सूट देतो, म्हणून सकाळी झोके नाहीत. ॲक्च्युएटर बिचारा पूर्ण बंद होऊन बसला होता, त्याहून तो तरी काय करणार?

समोरच्या दुकानातून पाईप 220 रुपयांना आणला, क्लिपा 40, मजुरी 300. बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली, म्हणजे कॉम्प्युटर जुनी सवय विसरेल. मग पायही न लावता दहा मिनिटं गाडी चालू, आधी एसी बंद, मग एसी लावून. 800 च्या आसपास ठाम.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. गाडी लावायला जागा नाही, मी दोन टेम्पोंच्या मध्ये कशीबशी घुसवली. बिल मागितलं तर पाईपच्या खोक्याचं पुठ्ठं फाडून त्यावर आकडे लिहून दिले. सीटवर ग्रीसचा एक अंगठा उमटलाय, तो अजून निघालेला नाही. घाई असलेल्यांनी जाऊ नये. माझे साडेतीन तास गेले, त्यात पाऊण तास मिस्त्री जेवायला.

एसी लावला की अजून एक बारीक धक्का बसतो. ते इंजिनाचं माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार) आहे, दिवाळीपर्यंत चालेल, तोवर पैसे घालू नका असं सांगितलंय. त्याच पुठ्ठ्यावर 'माउंटिंग – दिवाळी' असं लिहून त्यांनी ते डॅशबोर्डच्या खणात ठेवलं.