सिद्धार्थ (1972) : नदी देखणी, पण सिनेमाला घाई

आधीच सांगतो, मी सिनेमातला जाणकार नाही. माझी बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात, कृष्णेवरच्या सरितामापन केंद्रांवर पट्टी वाचण्यात गेली. काठाला खुणा केलेली पट्टी रोवलेली असते. तिच्यावर पाणी कुठवर आलंय ते सकाळी आठला वहीत लिहायचं, पावसाळ्यात दर तासाला. रात्री दोन वाजता छत्री आणि बॅटरी घेऊन चिखलातून उतरायचं, आकडा वाचायचा, वर येऊन लिहायचा, चहा करायचा, की तासाभराने पुन्हा खाली. तेव्हा ज्या सिनेमात नदी हेच मुख्य पात्र आहे, त्याच्याबद्दल मी चार शब्द बोललो तर कुणी हरकत घेऊ नये.

जर्मन लेखक हर्मान हेस्सेची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी 1922 ची. मला ती 1984 च्या पावसाळ्यात मिळाली, आमच्या शाखा अभियंत्यांच्या ट्रंकेत. पातळसं इंग्रजी पुस्तक, कव्हर गेलेलं. पट्टीच्या दोन वाचनांच्या मधल्या तासात मी ते वाचलं, डिक्शनरी मांडीवर घेऊन. माझ्यासारखाच बहुतेकांचा पहिला गैरसमज होतो म्हणून सांगतो : हा सिद्धार्थ म्हणजे गौतम बुद्ध नव्हे. तो बुद्धाच्या काळातला एक ब्राह्मणाचा मुलगा. घर सोडतो, श्रमणांबरोबर, म्हणजे भटक्या तपस्व्यांबरोबर, रानात राहतो, बुद्धाला प्रत्यक्ष भेटतो, त्याचं सगळं पटतं, तरी शिष्य होत नाही. मित्र गोविंद बुद्धाच्या संघात जातो, हा एकटा निघतो. मग शहर, कमला नावाची गणिका, कामस्वामी व्यापारी, पैसा, फाशांचा जुगार, आणि एक दिवस स्वतःचीच शिसारी येऊन जीव द्यायला नदीवर. तिथे वासुदेव नावाड्याकडे तो राहतो आणि उरलेलं आयुष्य माणसं पलीकडे नेऊन सोडतो.

कमला त्याला विचारते, तुला काय येतं? तो म्हणतो, मला विचार करता येतो, वाट पाहता येते, उपाशी राहता येतं. हे वाचून मी त्या रात्री एकटाच हसलो होतो. यातलं मधलं कौशल्य सरकारी नोकरीत आपोआप येतं. पण पुस्तक पुढे जातं तसं कळत जातं, की अख्खी गोष्ट त्या मधल्या शब्दावरच उभी आहे. सिनेमाबद्दलची माझी तक्रारही तिथेच आहे.

सिनेमा केला कॉनरॅड रूक्स या अमेरिकन माणसाने. त्याने आयुष्यात दोनच चित्रपट केले, त्यातला हा दुसरा. चित्रण ऋषिकेशला आणि भरतपूरच्या महाराजांच्या वाड्यांत आणि जमिनींवर झालं. नट सगळे भारतीय, संवाद सगळे इंग्रजी. आमच्या पिढीला हा सिनेमा फक्त एका गोष्टीमुळे ठाऊक होता : सिमी गरेवालचं उघड्या अंगाचं दृश्य आणि त्यावरून इकडे झालेला गदारोळ. केशकर्तनालयात मासिकं चाळणाऱ्यांनासुद्धा नाव माहीत, पाहिलेला एकही नाही. मीही पाहिला तो चाळीस वर्षांनी, दिवाळीला मुलगा आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर.

ज्या दृश्याचा एवढा बोभाटा झाला ते आज पाहताना त्यात बोभाटा करण्यासारखं काही नाही. उलट कमलेचा भाग सिनेमात जास्त सजलाय आणि कमी लागतो. दागिने, पडदे, उद्यान, सगळं जागच्या जागी. सिमी दिसते छान, पण पुस्तकातली कमला चतुर आहे, व्यवहारी आहे, समोर आलेल्या या धुळकट पोराची गंमत वाटणारी आहे. ती गंमत पडद्यावर आली नाही. व्यापाऱ्याचा भाग तर पटकन उरकलाय. पिंचू कपूरचा कामस्वामी जेवढा आहे तेवढा चोख वाटतो, पण सिद्धार्थ वर्षानुवर्षं हळूहळू कुजत गेला हे दोन-चार प्रसंगांत पटवायचं म्हणजे अवघडच. जेमतेम दीड तासाचा सिनेमा. त्यात माणसाचं उभं आयुष्य.

आता चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. छायालेखक आहेत स्वेन न्यूक्विस्त, स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचे नेहमीचे. उजेडावर यांची जेवढी पकड होती तेवढी फार थोड्यांची असेल. पहाटेच्या नदीवर वाफ असते ना, पाणी हवेपेक्षा गरम असतं तेव्हा उठते ती, ती मी हजार वेळा पाहिलीय. पण आकडा वाचायच्या नादात तिच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं, हे मला या सिनेमातला उजेड पाहताना जाणवलं. वाळूवर तिरपं ऊन, पाण्याच्या कडेने चालणारी दोन माणसं, मागे धूसर डोंगर. आवाज बंद करून बघितला तरी पैसे वसूल.

एक गंमत मुलाने दाखवून दिली. न्यूक्विस्त यांचे आईवडील काँगोत मिशनरी होते. आणि हेस्सेचं घराणंही मिशनऱ्यांचंच. त्याचे आजोबा हर्मान गुंडर्ट केरळात तलश्शेरीला राहिले, त्यांनी मल्याळमचा शब्दकोश केला. हेस्सेची आई तिथेच जन्मली. हेस्से स्वतः 1911 मध्ये सिलोन, सुमात्रा, सिंगापूर करून परत गेला, आईच्या मलबारपर्यंत काही पोचला नाही. म्हणजे हिंदुस्थान ऐकून वाढलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक, आणि मिशनऱ्याच्याच मुलाने त्याला लावलेला उजेड. मुलगा सध्या श्टुटगार्टला असतो. तिथून जवळच काल्व हे हेस्सेचं गाव. तिथल्या पुलावर हेस्सेचा पुतळा आहे, पूर्ण उंचीचा, ब्राँझचा, पादचाऱ्यासारखा उभा. त्याच्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो चिरंजीवांनी पाठवला होता. मी विचारलं, खालची नदी कुठली? म्हणाला, नागोल्ड. मी विचारलं, पाणी किती? तर फोनच ठेवला.

तर नदी. पुस्तकात या नदीला नाव नाही. बुद्धाचा जेतवन विहार श्रावस्तीला, म्हणजे राप्तीच्या सपाट मुलखात. तिकडच्या नद्या गढूळ, आळशी, पात्र बदलणाऱ्या. सिनेमाला मिळाली डोंगरातून नुकती सुटलेली ऋषिकेशची गंगा. दिसायला फारच सुंदर, त्यामुळे मी हे माफ केलं असतं. पण ही नदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहते. पाण्याच्या रंगावरून माझा अंदाज असा, की सगळं थंडीत आटपलं असावं. तिला उन्हाळा येत नाही, पूर येत नाही. ज्या नदीकाठी माणूस वीस-वीस वर्षं काढतो आणि तिच्याकडून शिकतो, ती त्याला आषाढात काय म्हणते आणि वैशाखात काय म्हणते? कृष्णेला वैशाखात आमच्याकडे गुडघाभर पाण्यातून शेरडं पलीकडे जायची. आणि 2019 साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी तेच पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथे 45 फुटांनाच धोक्याची पातळी धरतात. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी रात्रभर तासातासाला उठत होतो. नदी हजार आवाजांत बोलते असं हेस्से लिहितो. त्यातले नऊशे आवाज पावसाळ्यातले असतात, हे त्याला कुणी सांगितलं होतं की नाही देव जाणे, पण सिनेमावाल्यांना सांगायला हवं होतं.

नावाड्याबद्दलही थोडं बोलायचंय. वासुदेवाचं काम केलंय झुल वेलानींनी. थिएटरात मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट दाखवत, त्यांतल्या इंग्रजी निवेदनाचा भारदस्त आवाज ज्यांना आठवत असेल त्यांना हे नाव माहीत असेल. आवाज अजूनही मोहून टाकतो. पण वासुदेवाचा मोठेपणा बोलण्यात नाही, ऐकण्यात आहे. समोरचा सांगत राहतो आणि हा नुसता ऐकतो, मध्ये हूं की चूं नाही, आणि सांगणाऱ्याला वाटतं आपलं सगळं नदीत वाहून गेलं. अशा माणसासाठी इतक्या कमावलेल्या आवाजाचा नट घेतला, की तो तोंड उघडायची आपण वाट बघत बसतो.

आमच्या केंद्रावर मापनाची नाव चालवायला एक आंबी होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. पूल व्हायच्या आधी त्यांच्या वडिलांची पलीकडे नेणारी होडी, तर, चालायची, मोबदला सुगीला धान्यात. आप्पा दिवसाला दहा वाक्यं बोलले तर पुष्कळ. एकदा पुरात गूळ करायच्या मोठ्या कढईत, काहिलीत, बसून पलीकडची बाळंतीण त्यांनी आणली, ते मला दुसऱ्याच कुणाकडून आठ वर्षांनी कळलं. वासुदेव वाचताना मला तेच दिसायचे. वेलानींना पाहतानाही मी आप्पांनाच शोधत होतो, हा कदाचित माझा दोष.

सिद्धार्थ झालेला शशी कपूर त्या वेळी चौतिशीचा. इंग्रजी रंगभूमीवर घडलेला, त्यामुळे इंग्रजी त्याच्या तोंडात अडखळत नाही, आणि देखणा तर इतका की श्रमण म्हणून उपास काढलेत यावर विश्वास ठेवणं जड जातं. तरुणपणीचा हट्ट त्याच्या चेहऱ्यावर शोभतो. म्हातारपण मात्र मेकअपने येतं, पावलांत उतरत नाही. तीस वर्षं वल्हं मारलेल्या माणसाचे खांदे कसे होतात ते आप्पांकडे पाहून कळायचं. रोमेश शर्माचा गोविंद मला आवडला. मित्राच्या मागेमागे जाणारा, थोडा गोंधळलेला, मनाने सरळ. असा एक प्रत्येकाच्या वर्गात असतो.

आणि मग तो भाग आला, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

कमला सापाच्या दंशाने मरते आणि तिचा मुलगा या नावाड्या बापाच्या पदरात पडतो. शहरात, ऐषारामात वाढलेला पोरगा. त्याला ही झोपडी नको, हा भात नको, हा समजूतदार म्हातारा तर मुळीच नको. बाप जितका गोड वागतो तितका तो चिडतो, आणि शेवटी पळून जातो. सिनेमात त्या मुलाचं काम कुणाल कपूरने केलंय, म्हणजे शशी कपूरच्या सख्ख्या मुलाने. हे माहीत असून पाहिलं काय किंवा नसून पाहिलं काय, फरक पडत नाही असं मला आधी वाटलं होतं. पडतो. दोघं समोरासमोर येतात तेव्हा नाक-डोळेच सांगतात, आणि इतका वेळ नाटकात बोलल्यासारखं बोलणारा शशी कपूर अचानक थांबतो. नेमकं काय बोलावं हे न सुचलेला बाप दिसतो. अख्ख्या सिनेमात मला तो तिथे पहिल्यांदा म्हातारा वाटला.

पुस्तकात याच्या आधी, अगदी सुरुवातीला, त्याचं टोक आहे. सिद्धार्थ घर सोडायची परवानगी मागतो, वडील नाही म्हणतात, हा हाताची घडी घालून रात्रभर तिथेच उभा राहतो. बाप तासातासाला उठून बघतो, अजून उभा आहे का. (तासातासाला उठून बघणं म्हणजे काय ते मला विचारा.) पहाटे बाप हरतो. पडद्यावर ती रात्र रात्रीएवढी वाटत नाही. आणि ती नीट मुरली नसल्यामुळे, पुढे याचाच मुलगा याला सोडून जातो तेव्हा बसायला हवा तेवढा धक्का बसत नाही. पुस्तकात नदीत स्वतःचा चेहरा बघताना त्याला त्यात आपला बाप दिसतो. 1984 मध्ये हे पान मी भराभर उलटलं होतं. मुलगा जर्मनीला जायचं म्हणाला त्या वर्षी पुन्हा काढलं, तेव्हा पुढे सरकेना. आम्ही दोघं तीन महिने धड बोललो नव्हतो. मी हाताची घडी घातली होती, उलट्या बाजूने.

शेवटी गोविंद परत भेटतो. पुस्तकात तो सिद्धार्थाच्या कपाळाला ओठ लावतो आणि त्या चेहऱ्यात त्याला हजारो चेहरे वाहताना दिसतात, मासे, बाळं, मुडदे, देव. हे कुठल्याही कॅमेऱ्याला जमणं कठीण, न्यूक्विस्तलाही. सिनेमाने ते ओझं बहुतांशी संवादावर टाकलंय. शोधत राहू नकोस, प्रेम कर, इथेच माझ्यासोबत नदीवर राहा, अशा अर्थाचं बोलणं. ऐकायला बरं वाटतं. आप्पा असं कधी बोलले नसते.

पण गाणी! इंग्रजी सिनेमात हेमंतकुमारांची बंगाली गाणी. ‘ओ नदी रे’ आणि ‘पथेर क्लांती भुले’, दोन्ही 1959 च्या बंगाली चित्रपटांतली, रूक्सने ती इथे आणून ठेवली. श्रावस्तीकडच्या जुन्या कोसल देशातली गोष्ट, इंग्रजी बोलणारी माणसं, बंगाली गाणं. कागदावर हे जुळणारच नाही. ऐकताना प्रश्नच पडत नाही. नदी, तुला एकच विचारतो, असं हेमंतकुमार म्हणतात, आणि इतका वेळ घाईने धावणारा सिनेमा पहिल्यांदा बसतो. एवढ्यापुरतं त्यालाही वाट पाहता येते.

पुस्तक आधी वाचा, सिनेमा मागून बघा, उलटं करू नका. मोबाइलवर बघू नका, उजेड वाया जातो. लहान पोरं सोबत असतील तर मधला अर्धा तास त्यांना बाहेर पिटाळा. मला पाचपैकी तीन द्यावेसे वाटतात, त्यातला एक निव्वळ हेमंतकुमारांचा.

मुलगा सिनेमा संपायच्या आधीच सोफ्यावर झोपला होता, दुसऱ्या दिवशी पहाटेची मुंबईची गाडी होती त्याची. मी आवाज कमी केला आणि ते गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. मग त्याच्या अंगावर चादर टाकून आत गेलो. रात्री दोनदा उठून बघून आलो.