ईएनटीसी झालं, आता गेट की सी-डॅक?

ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमधून इंजिनिअर झालेल्यांसाठी हे लिहितोय. आयटीचा पर्याय बाजूला ठेवतो. तिकडे जायचंच ठरवलेल्याला हा लेख वाचायची गरज नाही. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स सोडायचं नाही, त्यांच्यापुढे साधारण दोन वाटा असतात: गेट ही देशपातळीवरची परीक्षा देऊन व्हीएलएसआय (चिप डिझाइन) किंवा मायक्रोइलेक्ट्रॉनिक्समध्ये एमटेक, नाहीतर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा एम्बेडेडचा (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांचा) डिप्लोमा. मी दुसरी धरली, हे आधीच सांगून टाकतो.

पैशाच्या हिशेबात एमटेक सरळ पुढे आहे. गेटवर प्रवेश मिळाला की महिना १२,४०० रुपये स्टायपेंड. सी-डॅकची फी खिशातून, वर पुण्यातला रूमचा आणि मेसचा खर्च. शिवाय चिप डिझाइनच करायचं असेल, तर नामांकित संस्थेच्या एमटेकला तोड नाही, हे मलाही मान्य आहे. (गुजरातमधल्या धोलेऱ्याच्या फॅबला, म्हणजे चिप बनवायच्या कारखान्याला, २०२४ मध्ये मंजुरी मिळाल्यापासून घरोघरी व्हीएलएसआयचा जप चालू आहे. फॅबमधलं काम वेगळं, डिझाइनचं वेगळं. डिझाइनच्या नोकऱ्या आजही मुख्यतः बंगळूर, हैदराबाद, नोएडाकडे.)

मग माझं घोडं अडलं कुठे? कॅलेंडरवर. गेट वर्षातून एकदाच, फेब्रुवारीत. निकाल मार्चमध्ये, वर्ग सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट. फायनल इयरला दिलेल्या गेटचा माझा स्कोअर ना धड चांगला, ना धड वाईट. सगळे म्हणाले, एक ड्रॉप घे, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा गेट दे. पण फ्रेशर्सच्या जाहिराती उघडून बघा: पहिली अट पासिंग इयरची. चालू बॅच, फार तर मागची. ड्रॉप घेऊन गेट साधलं तर उत्तम, एमटेकनंतर बीईचं वर्ष कोण विचारतो! नाही साधलं, तर ‘जुनी बॅच’ म्हणून ऑनलाइन फॉर्मच पुढे सरकत नाही. माझ्या एका मित्राला मुलाखतीपर्यंत पोचताच येईना, आणि तो माझ्यापेक्षा हुशार होता. नेटवर्क थिअरी तोंडपाठ, पण वर्षभरात ऑसिलोस्कोपला हात लागलेला नाही.

सी-डॅकच्या बॅच वर्षातून दोन, त्यामुळे एक हुकली तरी वर्ष जात नाही. दिवसभर लेक्चर आणि लॅब. सी, मायक्रोकंट्रोलर, आरटीओएस (ठरल्या वेळेत काम करणारी ऑपरेटिंग सिस्टिम), लिनक्सचे डिव्हाइस ड्रायव्हर. दमछाक होते, खोटं कशाला बोलू. खोलात शिरायला वेळ मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण पुण्याच्या ऑटोमोटिव्ह कंपन्यांच्या मुलाखतीत मला विचारलं ते पॉइंटर, इंटरप्ट आणि कॅन बस (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती जोडणी). फूरिये ट्रान्सफॉर्मसारख्या थिअरीचा विषय कोणी काढला नाही.

प्रत्येकाचं गणित वेगळं असतं. संशोधनाची ओढ असेल आणि घरून एका वर्षाची मोकळीक असेल, तर गेटच्या वाटेला जरूर जा. बाकीच्यांनी फायनल इयरलाच गेट देऊन ठेवावं, ड्रॉप मात्र घेऊ नये. स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे नोकरी करता करताही एमटेकचा विचार करता येतो. माझ्या स्कोअरची मुदत केव्हाच संपली. नव्याने फॉर्म भरावासा अजून वाटलेला नाही.