आधी कोण वाचावा, एम. आर. जेम्स की ए. एन. एल. मन्बी?

जुन्या पुस्तकांचं वेड आणि भुताच्या गोष्टींची ओढ, दोन्ही एकाच माणसात असली की त्याला कधी ना कधी एम. आर. जेम्स भेटतोच. ए. एन. एल. मन्बी मात्र फार थोड्यांना भेटतो. दोघेही केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे. दोघांचाही जन्म जुन्या ग्रंथांत गेला आणि दोघांनीही भुताच्या गोष्टी मुख्य काम सांभाळून लिहिल्या. त्यामुळे इंग्रजी वाचणारे मित्र मला विचारतात की वेळ एकाच पुस्तकापुरता असेल तर कोणतं हातात घ्यावं? दोघांतला फरक वरवर दिसतो त्याहून मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जेम्स (१८६२–१९३६) हस्तलिखितांचा माणूस. केंब्रिजच्या कॉलेजांमधली मध्ययुगीन हस्तलिखितं एकेक करून तपासायची, त्यांची वर्णनात्मक सूची करायची, हे काम त्याने वर्षानुवर्षं केलं. फिट्झविल्यम म्युझियमचा संचालक, मग किंग्जचा प्रमुख आणि १९१८ पासून ईटन या शाळेचा प्रमुख, अशी त्याची वाटचाल. नाताळच्या रात्री मित्र त्याच्या खोलीत जमायचे. तो ताजी लिहिलेली गोष्ट घेऊन आतल्या खोलीतून यायचा, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवायचा आणि वाचायला बसायचा. त्याच्या गोष्टी मुळात कानांसाठी लिहिलेल्या आहेत. आजही त्या रात्री कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, रंग वेगळाच चढतो.

'कॅनन अल्बेरिक्स स्क्रॅपबुक' घ्या. दक्षिण फ्रान्समधल्या एका पडक्या वैभवाच्या गावात डेनिस्टन नावाचा इंग्रज चर्च पाहायला येतो. तिथला सेवेकरी सतत मागे वळून बघतो, भिंतीला पाठ लावून उभा राहतो. संध्याकाळी तो डेनिस्टनला घरी नेऊन एक चोपडं दाखवतो. मौल्यवान हस्तलिखितांची कापलेली पानं त्यात चिकटवलेली आहेत. किंमत फक्त २५० फ्रँक! संग्राहकाला आणखी काय हवं? रात्री खोलीवर तो पानं उलटत बसलेला असताना डाव्या कोपराशी काहीतरी पडलेलं त्याला दिसतं. टाक पुसायचं फडकं? उंदीर? मोठा कोळी? आणि मग ते काय आहे हे कळतं. जेम्सचं सगळं बळ या दोन-तीन ओळींत आहे. भूत तो क्षणभरच दाखवतो, तेही बहुधा स्पर्शातून.

त्याचं एक तत्त्व होतं की गोष्टीतलं भूत दुष्टच हवं, परोपकारी भुतं परीकथांत शोभतात. त्याच्या जगात कुतूहलाची किंमत मोजावी लागते. 'कास्टिंग द रून्स'मध्ये तर ब्रिटिश म्युझियमच्या हस्तलिखित विभागात शांतपणे काम करणाऱ्या माणसाच्या कागदांत मृत्यूची चिठ्ठी सरकवली जाते.

मन्बी त्याच्यानंतरच्या पिढीतला. १९१३ च्या नाताळच्या दिवशी जन्मलेला, शिक्षणानंतर तो थेट जुन्या पुस्तकांच्या व्यापारात शिरला: आधी क्वारिच या लंडनच्या प्रसिद्ध पेढीत, मग सदबीजच्या लिलावघरात. मे १९४० मध्ये फ्रान्समधल्या कॅले बंदरात तो जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्ध संपेपर्यंत युद्धकैदी राहिला. त्याच्या गोष्टी बव्हेरियातल्या आइश्टेटच्या छावणीत लिहिलेल्या आहेत. काही तर कैद्यांच्याच मासिकात आधी आल्या. 'द अलाबास्टर हँड' हा चौदा गोष्टींचा संग्रह १९४९ मध्ये निघाला आणि तो त्याने जेम्सच्याच स्मृतीला अर्पण केला.

हे माहीत झाल्यावर त्या गोष्टी मला वेगळ्या वाटू लागल्या. तारेच्या कुंपणाआड बसलेला हा माणूस लिहितो काय, तर खेड्यातल्या जुन्या हवेल्या, ब्रिस्टलमधलं धुळकट पुस्तकांचं दुकान, लिलावाचा दिवस, सूचीतल्या एका क्रमांकाची भानगड. त्या वर्णनांत भीतीइतकीच घरची आठवण आहे, असं मला मनापासून वाटतं.

जेम्सला हस्तलिखित कळतं, पण बाजार कळतो मन्बीला. 'द टॉप्ली प्लेस सेल'मध्ये लिलाव आहे. 'नंबर सेव्हंटी-नाइन' विक्रेत्याच्या सूचीतल्या एका नोंदीभोवती फिरते. 'हेरोडीस रेडिव्हिव्हस'मध्ये शाळकरी मुलगा पुस्तकांच्या लोभापायी एका विक्रेत्याच्या घरात शिरतो. रद्दीच्या दुकानात मालक "आत अजून आहेत, या" म्हणाला की आपण मागचापुढचा विचार न करता जातो ना, नेमकी ती दुबळी जागा त्याने पकडली आहे. जुनी पुस्तकं विकत घेणाऱ्याला ही गोष्ट जेम्सच्या कुठल्याही गोष्टीहून जास्त झोंबेल.

मन्बीची भुतं नेहमीच वाईट नसतात. 'ॲन एन्काउंटर इन द मिस्ट'मध्ये वेल्सच्या डोंगरात धुक्यात अडकलेल्या माणसाला एक म्हातारा वाट सांगतो. त्याची इच्छा चांगलीच आहे, धोका मात्र त्या मदतीतच दडलेला आहे. ही कल्पना जेम्सला सुचली नसती, आणि संग्रहातली ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

त्याची उणीवही सांगायला हवी. काही गोष्टी फार लवकर आवरतात. जुना पलंग, जुनं धुराडं, जुना शाप हा ठरीव मसाला तीन-चार ठिकाणी तसाच येतो. जेम्ससारखी चढत जाणारी पकड त्याला प्रत्येक वेळी साधत नाही.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजी सवयीची नसेल त्याला मन्बी सोपा पडेल. वाक्यं सरळ, गोष्टी आटोपशीर. जेम्स मध्येच लॅटिन आणतो, सतराव्या शतकातली पत्रं हुबेहूब रचतो, नोकरमाणसांना त्यांच्या बोलीत बोलायला लावतो. पहिल्या दोन गोष्टींत अडखळायला होतं.

खिशाचा हिशेब उलटा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे जेम्स केव्हाच मोकळा झाला आणि इंटरनेटवर फुकट मिळतो. मन्बी १९७४ मध्ये गेला, म्हणून त्याच्यासाठी २०३४ संपेपर्यंत थांबावं लागेल. पहिल्या आवृत्तीच्या मागे न लागता पुनर्मुद्रण शोधावं.

तर माझा सल्ला असा. भीती हवी असेल, तर जेम्सचा १९०४ चा पहिला संग्रह आजच उघडा. मन्बीने डोळ्यांसमोर ठेवलेला वाचकही जेम्स वाचलेलाच. पण पैसे खर्चून कपाटात ठेवायचं पुस्तक मन्बीचं. आणि तुम्ही स्वतः पुस्तकं जमवणारे असाल, तर हा क्रम मोडून थेट 'हेरोडीस रेडिव्हिव्हस'पासून सुरुवात करा.

गोष्टी सोडून ग्रंथसंग्रहाच्या अभ्यासाकडे वळलं की मात्र तुलना उरतच नाही. जेम्सच्या सूच्या अभ्यासकाने चाळायच्या, सलग वाचायच्या नव्हेत. मन्बी १९४७ पासून किंग्जचा ग्रंथपाल झाला आणि १९५१ ते १९६० या काळात त्याने सर थॉमस फिलिप्स या एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकावर पाच खंड लिहिले. पुढे १९६७ मध्ये निकोलस बार्करने त्यांचं 'पोर्ट्रेट ऑफ ॲन ऑब्सेशन' हे एकखंडी रूप केलं. सामान्य वाचकाने ते घ्यावं.

फिलिप्सला जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत हवी होती. त्याने सुमारे साठ हजार हस्तलिखितं जमवली. आग लागली तर पटकन बाहेर काढता यावीत म्हणून ती शवपेट्यांसारख्या लांब खोक्यांत ठेवली, आणि घरात माणसांना वावरायला जागा उरली नाही. मुलीने त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं. मिडल हिलची वडिलोपार्जित वास्तू कायद्याने तिलाच जाणार होती, म्हणून त्याने तिथली झाडं तोडली, घर मोडकळीला येऊ दिलं आणि १८६३ मध्ये सगळा संग्रह गाड्यांवर लादून चेल्टनहॅमला हलवला. मृत्युपत्रात लिहून ठेवलं की त्या नव्या घरात मुलीने आणि जावयाने पाऊल ठेवायचं नाही. तो १८७२ मध्ये गेला. त्या संग्रहाचे लिलाव १८८६ मध्ये सुरू झाले आणि शंभर वर्षं उलटली तरी चालूच होते.